कॅडमियम भाताच्या मुळात शिरतं, मग दाण्यात जाण्यापासून रोप त्याला कसं अडवतं?

तुम्ही विचारलंय की भाताला कॅडमियम या विषारी धातूची गरजच नाही, तर रोप ते घेतं कशाला आणि दाण्यात कमी यावं म्हणून काय करता येईल.

रोपाला हवं असतं मँगनीज. ते आत घेणारं मुळातलं एनरॅम्प५ हे प्रथिन कॅडमियमलाही वाट देतं. आत आलेलं कॅडमियम मोकळं राहिलं तर विकरांमधल्या (एन्झाइममधल्या) जस्ताची जागा बळकावतं, म्हणून पेशी त्याला आधी बांधून टाकते. त्यासाठी लागणारं फायटोकेलाटिन सिंथेज हे विकर पेशीत आधीपासूनच असतं, धातू आला की कामाला लागतं. ग्लुटाथायोन हा पेशीतला छोटा रेणू वापरून ते ग्लुटामेट-सिस्टीन या अमिनो आम्लांच्या जोडीची २ ते ११ वेळा पुनरावृत्ती असलेली साखळी, म्हणजे फायटोकेलाटिन, बनवतं. प्रत्येक सिस्टीनवर गंधकाचा अणू असतो आणि कॅडमियमला धरतो तो हाच. गंधकाची कमतरता असलेलं रोप इथेच उघडं पडतं.

बांधलेला धातू रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या आम्लधर्मी पिशवीत, ढकलला जातो. भाताच्या मुळात मात्र खरी मदार एचएमए३ या पंपावर असते. तो एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, खर्चून कॅडमियम रिक्तिकेत भरतो. ‘अंजना धान’ या वाणात या पंपातलं ८०वं अमिनो आम्ल बदललेलं आहे. तेवढ्यानं पंप बंद पडतो आणि कॅडमियम मुळात न अडता वर पानांत, दाण्यांत जातं. त्यामुळे दूषित जमिनीत वाणाची निवड मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

दुसरा उपाय पाण्याचा. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी कॅडमियमच्या भातानं इताई-इताई हा हाडांचा रोग झाला. जपानमधले शेतकरी आता दूषित भागांत निसवण्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या, आधी ३ आणि नंतर ३ आठवडे खाचरात पाणी ठेवतात. पाण्याखाली हवा नसते, कॅडमियम सल्फाइड होऊन मातीतच बसतं. दाणा भरताना शेत कोरडं केलं की तेच सल्फाइड विरघळतं आणि मेहनत वाया जाते. आम्लधर्मी जमिनीत चुना घालून सामू (pH) ६.५ च्या आसपास आणला तरी फायदा होतो.

पण साचलेल्या पाण्यात आर्सेनिक उलट मोकळं होतं आणि सिलिकॉन घेणाऱ्या एलएसआय१ या वाटेनं मुळात शिरतं. तेव्हा पाणी किती दिवस ठेवायचं हे ठरवण्याआधी मातीत दोन्ही तपासून घ्या.