फिल्टर कुठे, पाणी कुठवर?

प्रश्न : 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच माशांच्या टाकीसाठी पाण्यात बुडवायचा मोटरवाला फिल्टर आणला आहे. तो किती खाली बसवायचा? पाणी काठोकाठ भरलं तर चालेल का?

उत्तर : काठोकाठ नको. काठाच्या 3 सेंटिमीटर खाली थांबा. मासे उडी मारतात हे एक कारण झालं, पण प्राणवायू पाण्यात मुरतो तो पृष्ठभागातून, आणि झाकणाची काच पाण्याला टेकली की तेच दार बंद होतं. फायटर आणि गुरामी तर वर येऊन थेट हवा घेतात. त्यांच्या टाकीत ही मोकळी पट्टी हवीच.

फिल्टर आखूड बाजूच्या काचेवर, मागच्या कोपऱ्यात चिकटवा. पाणी फेकणारं तोंड पृष्ठभागाखाली 1 ते 2 सेंटिमीटर राहू द्या आणि ते टाकीच्या लांबीच्या दिशेने वळवा, म्हणजे पाण्यावर हलकी लहर उठते. बरेच जण फिल्टर पार तळाशी बसवतात. तिथे खोलीमुळे हवेच्या नळीतून बुडबुडे ओढले जात नाहीत, वर पाणी हलत नाही आणि खडीतली वाळू मोटरच्या पंख्यात जाते. पाणी ओढणारी बाजू खडीपासून निदान 5 सेंटिमीटर वर असावी. हवेच्या नळीचं वरचं टोक मात्र पाण्याबाहेर ठेवा.

आता मापाचं. तुमची टाकी कागदावर 54 लिटरची, पण 4 सेंटिमीटर खडी आणि वरची मोकळी जागा धरली तर पाणी सुमारे 44 लिटरच बसतं. ताशी त्याच्या चार-पाच पट पाणी फिरायला हवं, म्हणजे 180 ते 220 लिटर. खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो आणि स्पंज भरत जातो तसा प्रवाह घटतो. म्हणून ताशी 300 लिटरचा फिल्टर घ्यावा. गोल्डफिश फार घाण करतात, त्यांना याहून मोठा लागतो. फायटरला जोराचा प्रवाह सोसत नाही. त्याच्या टाकीत तोंड काचेकडे वळवा.

नवा स्पंज बसवण्याआधी साध्या पाण्यात पिळून घ्या, साबण अजिबात नको. आधी पाणी भरा, मगच प्लग लावा: ही मोटर पाण्यानेच थंड राहते, कोरडी चालली तर जळते. सुरुवातीला खडखड ऐकू आली तर आत हवा अडकली आहे. फिल्टर पाण्याखालीच तिरका करून हलवला की ती निघून जाते. वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब प्लगपर्यंत पोचत नाही.

प्रश्न : मागच्या काठावर अडकवायचा फिल्टर आहे. चार-पाच दिवसांनी पाणी पडण्याचा आवाज वाढतो आणि एक दिवस फिल्टर पाणीच ओढत नाही.

उत्तर : पाणी आटतंय. तुमची टाकी 60 × 30 सेंटिमीटरची असेल तर पातळी 1 सेंटिमीटर उतरली म्हणजे 1.8 लिटर पाणी उडालं. धार उंचावरून पडू लागते म्हणून आवाज. नळीचं तोंड उघडं पडलं की ओढ तुटते. योग्य पातळीवर काचेला बाहेरून पट्टी चिकटवा आणि दर दोन दिवसांनी क्लोरीन काढलेलं पाणी घाला. प्लग काढून फिल्टरचा डबा पाण्याने भरा, मग चालू करा. तरीही ओढत नसेल तर पंखा बाहेर काढून त्यावरची बुळबुळ पुसा. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते टाकीतच साठतात. त्यामुळे भर घातली तरी आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावंच लागतं.

प्रश्न : वीज गेली की एअर पंपाच्या नळीतून पाणी जमिनीवर येतं.

उत्तर : पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. ते जमत नसेल तर नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह बसवा. तोंडाने फुंकून पाहा: ज्या बाजूने हवा पार जाते ती बाजू पंपाकडे.

प्रश्न : फिल्टर नळाखाली अगदी स्वच्छ धुतला. दोन दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. फिल्टर तर व्यवस्थित चालतो आहे.

उत्तर : मोटर चालते आहे, पण फिल्टरमधले जिवाणू बहुतेक मेले आहेत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. स्पंजवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही द्रव्यं विषारी: अमोनिया कल्ले जाळतो, नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद मारतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ही सगळी वसाहत धुऊन निघते, आणि ती नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

आजच 30 ते 40 टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं हवं. दोन दिवस खाद्य बंद. अमोनिया आणि नायट्राइट रोज तपासा, शून्याच्या वर दिसले की पुन्हा पाणी बदला. तोवर नवे मासे आणू नका आणि आवाज होतो म्हणून रात्री फिल्टर बंद करू नका. वाहतं पाणी थांबलं की जिवाणू काही तासांत गुदमरू लागतात. पुढच्या वेळी स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा पिळा. तो तपकिरीच राहील, आणि तसाच राहायला हवा.