रिमाइंडर टाकत राहिलात म्हणून मुदत वाढत नाही

ऐरोलीच्या एका फ्रीलान्स साउंड इंजिनिअरचा प्रश्न आलाय. याच चालीचे प्रश्न लाइटवाल्यांचे, एलईडी वॉलवाल्यांचे, जनरेटरवाल्यांचेही येत असतात, म्हणून यालाच नीट उत्तर देते, बाकीच्यांनी आपापले आकडे घालून वाचा.

प्रकरण थोडक्यात असं. २०२३ ची नवरात्र, वाशीतलं मैदान, नऊ रात्री गरबा, काम देणारी ठाण्यातली एक इव्हेंट कंपनी. यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन टाकलं, इंजिनिअर फी रात्रीला १०,००० आणि स्वतःचं किट, म्हणजे डिजिटल कन्सोल, स्टेजबॉक्स, माइकची पेटी, कलाकारांच्या कानात घालायचे सहा इन-इअर, याचं भाडं वेगळं, रात्रीला २२,०००. खाली एक ओळ, ‘किटचं ५० टक्के लोड-इनला, बाकी शेवटच्या रात्री’ (लोड-इन म्हणजे सामान मैदानात उतरवायचा दिवस). समोरून ‘ओके डन’ आलं. फीचे ९०,००० रखडत रखडत मार्च २०२४ पर्यंत मिळाले. किटचे १,९८,००० अजून नाहीत. आधी कारण होतं क्लायंटकडून आले नाहीत, आता म्हणे किट फीमध्येच धरलं होतं. आणि शेवटी यांचा प्रश्न: ‘मॅडम, मी दर महिन्याला न चुकता रिमाइंडर टाकतोय, म्हणजे केस जिवंत आहे ना? एक कडक नोटीस पाठवून बघू का?’

पैसे यायला हवेत की नको यावर मी वेळ घालवत नाही, यायलाच हवेत. पण केस तुमच्या रिमाइंडरमुळे जिवंत नाहीये. ती जिवंत आहे कारण अजून तीन वर्षं पूर्ण झालेली नाहीत, आणि आता जुलै २०२६ चालू आहे.

१९६३ च्या मुदतीच्या कायद्यात असल्या वसुलीच्या दाव्याला तीन वर्षं आहेत. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलंच नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून मोजतात, ठरलेलं असेल तर त्या ठरलेल्या दिवसापासून. तुम्ही पाठवलेला मेसेज, मेल, फोन, वकिलाची नोटीस, यातल्या कशानेही घड्याळ एक दिवससुद्धा थांबत नाही. मागणारा कितीही वेळा मागू दे, कायद्याला त्याचं काही नाही, देणारा काय लिहून देतो याला किंमत आहे. आणि मुदत गेल्यावर समोरच्याने तो मुद्दा काढलाच नाही तरी कोर्टाला स्वतःहून दावा फेटाळावा लागतो. अपिलाला उशीर झाला की माफीचा अर्ज करतात तसं इथे करता येत नाही, दाव्याला ती सोयच नाही, हे लोकांना सांगून सांगून माझा घसा बसायची वेळ आलीय.

आता तुमची ती एक ओळ बघा, ‘५० टक्के लोड-इनला’. तुम्ही डोक्यात धरून बसलाय की शो संपला २३ ऑक्टोबर २०२३ ला, म्हणजे २३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत निवांत. पण तुम्हीच लिहिलंय की पेट्या तुम्ही आदल्या दिवशी, सर्वपित्री अमावास्येला मैदानात उतरवल्या, म्हणजे १४ ऑक्टोबर. मग निम्मं भाडं, ९९,०००, त्याच दिवशी देय झालं आणि त्याची तीन वर्षं १४ ऑक्टोबर २०२६ ला भरतात. ही ओळ तुम्ही स्वतःच्या फायद्यासाठी टाकली होती आणि बरोबरच टाकली होती, पण मग लोड-इनला पैसे आले नाहीत तर केबल पसरायच्या आधी कन्सोल पेटीतच ठेवायचा होता ना. ते केलं नाहीत, पावणेतीन वर्षं ‘सर प्लीज चेक’ लिहीत बसलात, आणि आता तीच ओळ तुमची मुदत नऊ दिवसांनी अलीकडे ओढतेय. सगळं काम एकच होतं, मुदत शेवटच्या रात्रीपासूनच मोजा, असा युक्तिवाद करता येईल, मी करीनही, पण युक्तिवाद करायची पाळी आणायचीच कशाला? १४ ऑक्टोबर हीच शेवटची तारीख समजा, आणि प्रत्यक्षात सप्टेंबर संपायच्या आत दावा दाखल झालेला असू दे. ती तारीख ऐन नवरात्रात पडतेय, तुम्ही तेव्हा कुठल्यातरी मैदानात ढोलाचा माइक शोधत असाल आणि वकील तुम्हाला वकालतनाम्यावर सहीसाठी फोन करत असेल, फोन लागणार नाही.

मार्च २०२४ मध्ये शेवटचे २५,००० आले म्हणून तिथून नवीन तीन वर्षं मिळतील का, असंही तुम्ही विचारलंय. कल्पना चांगली आहे. थकबाकीपैकी काही रक्कम मुदतीत भरली गेली आणि भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने त्याची नोंद असली तर नवी मुदत सुरू होते खरी. एनईएफटीला ‘सही’ कुठली हा वाद आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी घोळ तुम्हीच घातलाय. पैसे कशापोटी हे कंपनीने लिहिलं नव्हतं, नुसतीच रक्कम आली. अशा वेळी करार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे घेणाऱ्याला मुभा असते की ती रक्कम आपल्या कुठल्या कायदेशीर येण्यात जमा धरायची. तुम्ही ती किटच्या भाड्यात धरू शकला असतात! पण तुम्ही दहा मिनिटांत रिप्लाय काय टाकलात? ‘फी फुल क्लिअर, थँक्यू सर’, वर हात जोडलेला इमोजी. झालं, तुमच्याच हाताने ती रक्कम फीत गेली. आणि तुम्हाला कोर्टात सांगायचंय की फी वेगळी, किटचं भाडं वेगळं, मग फीच्या पेमेंटने भाड्याची मुदत वाढली हे कुठल्या तोंडाने सांगणार, दोन्ही एकदम चालत नाही.

तुमच्याकडची खरी जमेची गोष्ट तुम्ही पत्रात अगदी जाता जाता लिहिलीय. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या अकाउंटंटचा मेसेज, ‘किटचं क्लायंटकडून आलं की करतो’. अहो, हा मेसेज पहिल्या ओळीत लिहायचा असतो. ‘किट फीमध्येच होतं’ ही कंपनीची नवी गोष्ट इथेच पडते, कारण फीमध्ये होतं तर फी पूर्ण दिल्यावर पाच महिन्यांनी किटचं ‘करतो’ कशाला म्हणाले? शिवाय मुदतीच्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, मुदत चालू असताना देणेकऱ्याने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने लेखी सही करून देणं कबूल केलं तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात, आणि ‘अमुक झाल्यावर देतो’ अशी पुस्ती जोडली म्हणून कबुली बाद होत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपला सही म्हणायचं का आणि अकाउंटंट अधिकृत माणूस का, यावर समोरचा वकील तुम्हाला तीन तारखा सहज फिरवेल आणि कोर्ट काय म्हणेल ते मी आज लिहून देणार नाही. म्हणून हा मेसेज पुरावा म्हणून वापरा, मुदत वाढली या भरवशावर राहू नका.

आणि तो फोन जपा. स्क्रीनशॉट काढून फोन विकायचा विचार असेल तर थांबा. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं सर्टिफिकेट लागतं, एक तुमचं, एक तज्ज्ञाचं, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). मूळ चॅट मूळ फोनवर असली तर हे सोपं जातं. त्या चॅटला डिसअपिअरिंग मेसेजेस लागलंय का ते आत्ता बघा. तसंच २०२३-२४ चं फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसचा तपशील, काढा, कंपनीने ९०,००० पेक्षा जास्त रकमेवर टीडीएस दाखवला असेल तर किटचं भाडं त्यांनी स्वतःच्या वह्यांत खर्ची टाकलंय, असं विचारायला जागा मिळते. नसला तर काही बिघडत नाही.

व्याजाचं जरा जपून. तुमच्या बिलाखाली ‘उशिरा पेमेंटवर २४ टक्के’ छापलंय ते एकतर्फी आहे, कोटेशनमध्ये नव्हतं, कोर्ट ते देईलच असं नाही. त्याहून मोठी भानगड पुढे आहे. १,९८,००० वर २४ टक्क्यांनी पावणेतीन वर्षांचं व्याज होतं १,३०,६८०, म्हणजे मागणी ३ लाखांच्या वर जाते. असा सेवेच्या कराराचा दावा व्याजासह ३ लाखांवर गेला की तो कमर्शियल कोर्टाचा विषय होतो, आणि मग तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मीडिएशनला जाणं सक्तीचं आहे, ते न करता टाकलेला दावा उंबऱ्यातूनच परत येतो, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हे पक्कं करून टाकलंय. मीडिएशनमध्ये गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत हे खरं, पण ऑक्टोबर तोंडावर असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? व्याज नोटीसच्या तारखेपासून माफक दराने मागा आणि ३ लाखांच्या खाली रहा. समरी सूट (झटपट चालवायचा वसुलीचा दावा) टाकायचा की साधा दावा, ठाण्यात की बेलापुरात, हे तुमचा वकील कागद बघून ठरवेल. कुठेही टाकला तरी निकाल लवकर लागेल असं मी सांगत नाही, आपल्याकडे समन्स बजावून परत यायलाच महिने जातात, पण दावा एकदा दाखल झाला की उशीर कोर्टाचा, मुदत तुमची सुरक्षित.

उद्यम रजिस्ट्रेशनच्या (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) जोरावर एमएसएमई कौन्सिलकडे (लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद बघणारं मंडळ) जाऊ का? तुमचं रजिस्ट्रेशन २०२४ चं, काम २०२३ चं. काम झाल्यावर केलेल्या रजिस्ट्रेशनचा फायदा जुन्या कामाला नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये म्हटलं, २०२५ मध्ये त्याच कोर्टाने हा मुद्दा मोठ्या बेंचकडे पाठवला. या १,९८,००० साठी त्या वाटेला लागून ऑक्टोबर घालवू नका. २०२४ नंतरच्या कामांचं अडकलंय तिथे मात्र हे हत्यार दमदार आहे, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पेमेंट, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, शिवाय तुमचं थकवलेलं बिल कंपनीला इन्कम टॅक्समध्ये प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही. हे नुसतं मेलमध्ये लिहिलं तरी काही अकाउंटंट हलतात.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार? ते ‘दिवाणी मॅटर आहे’ म्हणून परत पाठवतील, आणि या वेळी त्यांचं बरोबर असेल.

कंपनीचे दोन इन-इअर बेल्टपॅक (कमरेला लावायचे रिसीव्हर) तुमच्या पेटीत राहिलेत, पैसे देईपर्यंत ठेवून घेऊ का, असं विचारलंय. नका ठेवू. एखाद्या वस्तूवर तुम्ही कारागिरी केली, समजा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केला, तर त्या कामाच्या मजुरीसाठी तो अडवून ठेवायचा हक्क असतो. हे बेल्टपॅक नुसते चुकून आलेत, ते अडवलेत तर उद्या अपहाराची तक्रार तुमच्यावर येईल आणि सगळी केस उलटी फिरेल. ऑफिसात नेऊन द्या, पोच घ्या.

राहिला शेवटचा प्रश्न, जो खरं तर सगळ्यात कामाचा आहे: त्याच कंपनीने यंदाच्या नवरात्रीला परत बोलावलंय, जाऊ का? राग बाजूला ठेवा. त्यांना तुमची गरज आहे, असं बोलावणं पुढच्या वर्षी येईल न येईल. होकार द्यायच्या आधी कंपनीच्या लेटरहेडवर एवढंच लिहून मागा: ‘ऑक्टोबर २०२३ च्या वाशी येथील नवरात्र कार्यक्रमासाठी तुमच्या साउंड किटच्या भाड्यापोटी रु. १,९८,००० आम्ही तुम्हाला देणे आहोत.’ कधी देणार, हप्ते किती, हे त्यांना हवं तर खाली लिहू देत, त्याने फरक पडत नाही. सही डायरेक्टरची किंवा मालकाची, रिसेप्शनवरच्या मुलाची नको, शिक्का असावा, आणि सहीखाली तारीख त्यांच्याच हातची, १४ ऑक्टोबर २०२६ च्या आतली. हा कागद मिळाला तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं, आणि दाव्याची घाई नाही. १५ ऑगस्टपर्यंत मिळाला नाही तर वाट बघू नका, कोटेशन, बिलं, चॅट आणि बँक स्टेटमेंट घेऊन वकिलाकडे जा. यंदाचं काम घेतलंत तर किटचं भाडं पूर्ण, लोड-इनच्या आधी, खात्यात. आणि पैसे आले की ‘किटच्या भाड्यापोटी मिळाले’ एवढंच लिहा, पुढे थँक्यू टाकायचं असेल तर टाका.