कार्ड आहे, पण काउंटरवर पैसे मागतात

सत्तरी ओलांडलेल्यांच्या आयुष्मान कार्डाबद्दल, म्हणजे दवाखान्यात भरती झाल्यावर सरकारी खर्चाने उपचार मिळवून देणाऱ्या कार्डाबद्दल, बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो.

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे, आई ६८ची. रेशनकार्ड पांढरं, घर स्वतःचं. शेजारी म्हणतात, हे कार्ड फक्त गरिबांना मिळतं. खरं का? (एक वाचक, सांगली)

शेजाऱ्यांची माहिती जुनी आहे. २०१८मध्ये आयुष्मान भारत योजना आली तेव्हा २०११च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या आधारे कुटुंबं ठरवली होती. २९ ऑक्टोबर २०२४पासून मात्र ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ‘वय वंदना’ कार्ड काढता येतं. उत्पन्न किती, घर कुणाचं, हे विचारत नाहीत. वय आधारवरून बघतात. बाबा केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी असतील आणि सीजीएचएस (केंद्राची कर्मचारी-निवृत्तांसाठीची आरोग्य योजना) घेत असतील, तर मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं लागेल.

आईंना सत्तरीपर्यंत हे कार्ड नाही. पण आपल्या राज्यातली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, तीही वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. म्हणजे त्या उघड्यावर नाहीत. आणि आई सत्तरीच्या झाल्या की वय वंदनाचे वर्षाचे ५ लाख दोघांत मिळून असतील, प्रत्येकी नव्हेत. इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो.

प्रश्न : सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. कार्ड दाखवलं तरी तपासण्यांचे पैसे भरायला लावले. वर म्हणाले, ‘योजनेतला सांधा साधा असतो, चांगला हवा तर फरक भरा.’ (एक वाचिका, नाशिक)

हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की त्याची चालसुद्धा पाठ झाली आहे. योजनेतला उपचार कॅशलेस असतो. ठरलेल्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया, औषधं, खाट, जेवण, बसवायचा सांधा हे सगळं धरलेलं असतं. भरती होण्याआधीच्या ३ दिवसांच्या तपासण्या आणि घरी सोडल्यावर १५ दिवसांची औषधंही त्यात येतात.

तुम्ही बहुधा बिलिंगच्या काउंटरवर कार्ड दाखवलंत. तिथे दाखवून काही होत नाही. अंगीकृत रुग्णालयात, म्हणजे योजनेत नाव असलेल्या दवाखान्यात, आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या प्रतिनिधीचं, वेगळं टेबल असतं. नोंद तिथे होते, मग कागदपत्रं ऑनलाइन जातात आणि पूर्वमंजुरी येते. घाईगर्दीत रुग्ण आधी आत जातो, पैसे भरले जातात आणि आरोग्यमित्राची आठवण दुसऱ्या दिवशी होते. तोवर फाइलवर ‘रोखीचा पेशंट’ असा शिक्का पडलेला असतो.

एका आजोबांचा मुलगा आठवतो. डिपॉझिट मागितल्यावर तो वाद घालत बसला नाही. ‘पावती द्या आणि त्यावर हे कशाचे पैसे ते लिहा,’ एवढंच म्हणाला. खिडकीपलीकडचा माणूस आत गेला, पाच मिनिटांनी परत आला आणि म्हणाला, ‘राहू द्या.’ तुम्हीही पावती मागा. तिथूनच १५५३८८ किंवा १४५५५ या योजनांच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे भरले असतील तर पावत्या जोडून लेखी तक्रार करा.

पॅकेजचे दर परवडत नाहीत, सरकारकडून पैसे उशिरा येतात, असं दवाखाने म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण ते भांडण त्यांनी सरकारशी करावं, खुबा मोडलेल्या बाईशी नव्हे.

प्रश्न : आम्हा दोघांना बीपी आणि साखर. महिन्याची औषधं या कार्डावर मिळतील का? (एक ज्येष्ठ वाचक, लातूर)

नाही. ही योजना भरती झालेल्या रुग्णाची आहे. ओपीडीचा खर्च त्यात नाही. डायलिसिस, केमोथेरपी असे मोजके उपचार रात्री न राहताही त्यात बसतात, एवढंच.

धोरणाची मोठी फट माझ्या मते इथेच आहे. म्हातारपणाचा खर्च रोजचा असतो. दोन गोळ्या, महिन्याची तपासणी, आणि डोळ्यात घालायचे थेंब. त्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून बंद होतात, मग झटका येतो, आणि तेव्हा सरकार लाखांचं बिल भरायला तयार असतं! तोवर जवळचं सरकारी आरोग्य केंद्र गाठा, म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथे बीपी-साखरेची तपासणी आणि औषधं मोफत असतात. जी मिळणार नाहीत ती जनऔषधी केंद्रातून घ्या. चिठ्ठीवर मात्र डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नव्हे, लिहून घ्या.

प्रश्न : आजी ७३ वर्षांची, पण आधारवर ६६ लागलंय. बोटांचे ठसेही उमटत नाहीत. (एक वाचक, बीड)

ठशांचा प्रश्न सोपा आहे. खुरपणी-भांड्यांत बोटं झिजलेल्या बायकांचे ठसे मशीनवर उमटत नाहीतच. ओटीपीने किंवा चेहऱ्यावरून ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करा. ओटीपीसाठी आधारला जोडलेला नंबर चालू हवा. बहुतेक घरांत तो नातवाच्या जुन्या सिमचा निघतो, म्हणून आधी तेवढं बघून घ्या.

वयाचं अवघड आहे. आधार काढताना कुणीतरी अंदाजाने साल सांगितलं, तेच कायम झालं. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते आणि तीही मान्य कागदपत्रावर. त्यामुळे हाती पक्का पुरावा असल्याशिवाय अर्ज करू नका. शाळेत न गेलेल्या आजीकडे तो कुठून येणार, हा प्रश्न योजना आखणाऱ्यांना पडायला हवा होता. तोवर तिला फुले योजनेत उपचार घेता येतील. तिथे वयाची अट नाही. रेशनकार्डावर तिचं नाव आहे ना, तेवढं तपासा.

प्रश्न : कार्ड मिळालं, आता खासगी पॉलिसी बंद करू का? (एक वाचक, पुणे)

हप्ता झेपत असेल तर नको. खासगी विमा असला तरी वय वंदना कार्ड मिळतं, आणि तुमचा नेहमीचा दवाखाना योजनेच्या यादीत असेलच असं नाही. यादीत नसलेला दवाखाना धर्मादाय असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. अशा वेळी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, उत्पन्नाचा दाखला सोबत घेऊन.