नागपुरात थंडी सरताना शनिवार-रविवार लहान मुलांसोबत कसा घालवावा?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन नागपूरला आलात, मुलं चार आणि सात वर्षांची आहेत, तुम्हा नवरा-बायको दोघांनाही नोकरी आहे. शनिवार-रविवार धुणं, किराणा, स्वयंपाक आणि कूलर यातच निघून जातो, मुलं मोबाईल घेऊन बसतात आणि रविवारी रात्री तुमच्या जिवाला लागतं. माझी मुलगी दुसरीत आहे, मुलगा अजून बालवाडीत. मी जन्माची नागपूरची. त्यामुळे आमच्या घरी काय चालतं तेच सांगते.

माझं मत ठाम आहे. या दिवसांत घरकाम वेगळं आणि मुलांचा वेळ वेगळा, अशी वाटणी करूच नका. फेब्रुवारीच्या शेवटापासून होळीपर्यंत आपल्याकडे निम्मी कामं गच्चीवरची असतात. रजया-ब्लँकेटं उन्हात टाकणं, वाळवण, कूलर काढणं. ही सगळी पाण्याची, चिखलाची, उन्हाची कामं, म्हणजे मुलांच्या आवडीचीच. त्यांना हाताशी घेतलं की काम थोडं लांबतं हे खरं, पण त्यानंतर मुलांसाठी निराळा वेळ शोधत बसावं लागत नाही.

आधी इथलं ऊन समजून घ्या. सकाळी अजून अंगावर शहारा येतो आणि अकरानंतर ऊन चटके देतं. मार्च लागला की दुपारचा पारा पस्तिशीच्या आसपास जायला लागतो. म्हणून मेहनतीची कामं सकाळी, दुपार पूर्ण घरात, बाहेर पडायचं ते ऊन उतरल्यावर. जेवून दुपारी दोनला फिरायला निघण्याची सवय असेल तर ती इथे सोडा. चार वर्षांचं मूल त्या उन्हात तासाभरात रडकुंडीला येतं आणि मग संध्याकाळही हातची जाते.

सुरुवात मुगवड्यांपासून करा असं मी आवर्जून सांगेन. कुरड्यांना गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चीक काढायचा, तो शिजवून घाटायचा. नोकरी करणाऱ्या दोघांना पहिल्याच वर्षी ते झेपणार नाही. मुगाची डाळ मात्र शुक्रवारी रात्री भिजत घातली की शनिवारी सकाळी वड्या टाकता येतात.

डाळ पूर्ण निथळून घ्या आणि पाणी न घालता वाटा. त्यात जिरं, हिंग, मीठ. मिरची मी घालत नाही, कारण मुलांचे हात कधी डोळ्याला लागतील याचा नेम नाही. मग ते वाटण परातीत घेऊन हाताने एकाच दिशेने फेसायचं. आमच्याकडे हे काम लेकीचं. वाटणाचा रंग हळूहळू फिका पडतो, हाताला ते हलकं लागायला लागतं. झालं की नाही हे बघायला एका वाटीत पाणी घेऊन त्यात वाटणाचा थेंब सोडायचा. तळाशी गेला तर अजून फेसा, वर आला तर झालं. माझ्या सासूबाई ती वाटी नातवाच्या हातात देतात. तो प्रत्येक थेंबाला श्वास रोखून बघतो आणि मग सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडतो, "आजी, तरंगून राहिली!"

मग गच्चीवर प्लास्टिक अंथरायचं, त्याला तेलाचं बोट फिरवायचं. तीन बोटांच्या चिमटीत वाटण घेऊन अंगठ्याने खाली ढकललं की वडी पडते, आणि हात उचलताना तिला वर छोटं टोक येतं. लेकीच्या वड्या आता एका ओळीत येतात. लेकाच्या अजून कुठे बोराएवढ्या, कुठे चपट्या. त्या कोणी मोडून नीट करत नाही. वाळल्यावर सासूबाई मोठ्या-लहान निवडून ठेवतात. मोठ्या वांग्याच्या रस्स्यात जातात, बारक्या खिचडीत. जेवताना "ही माझी" म्हणून ओळख पटवणं चालतं आणि एरवी वांग्याला नाक मुरडणारा पोरगा ती भाजी खातो.

दुसऱ्या दिवशी वड्या सोडवून उलट्या करायच्या असतात, तेही मुलांनाच द्या. कबुतरं आणि खारींवर लक्ष ठेवायला सावलीत एक खुर्ची आणि हातात काठी दिली की सात वर्षांचं मूल ती जबाबदारी फार मनापासून घेतं. मुठीत घेऊन हलवल्यावर खडखड वाजल्या की डब्यात भरायच्या.

कूलरचं थोडक्यात सांगते. टाकी घासणं, बाजूच्या जुन्या ताट्या, म्हणजे गवताच्या जाळ्या, काढणं, नव्या बसवण्याआधी भिजवणं यात मुलं आनंदाने भिजतात. पण पिन बोर्डातून पूर्ण बाहेर काढल्याशिवाय त्यांना जवळ येऊ देऊ नका, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कूलर लोखंडी असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या इथे दर उन्हाळ्यात येतात. कूलर सुरू असताना त्याला हात लावायचा नाही, पाणी भरायचं तर आधी पिन काढायची, हे मुलांना आत्तापासून पाठ करून द्या. या एका बाबतीत मी घरात कोणाचंच ऐकत नाही.

दुपारी आम्ही सगळे झोपतो. दुपारची झोप मोडून कुठलाही क्लास, कुठलाही वाढदिवस मी ठेवत नाही.

बाहेर जाणं दोन दिवसांत एकदाच, आणि ठिकाणही एकच. महाराजबागेचं प्राणीसंग्रहालय, रमण विज्ञान केंद्र आणि फुटाळा तलाव एकाच दिवशी उरकणारी कुटुंबं मी बघते, त्यांची मुलं शेवटी खांद्यावर झोपलेली असतात. आमची आवडती शनिवार संध्याकाळ मेट्रोची आहे. आम्ही सुभाष नगरला चढतो, मुलं अंबाझरी तलावाच्या बाजूची खिडकी पकडतात. सीताबर्डीला गाडी बदलून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी घ्यायची. गड्डीगोदामला मुलांना मुद्दाम खाली बघायला सांगा. सगळ्यात खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वात वर आपली मेट्रो. खालून त्या वेळी एखादी रेल्वे जाताना दिसली तर पुढचा आठवडाभर घरात तेवढाच विषय असतो.

कडबी चौकाला उतरलं की मोतीबागचं नॅरो गेज रेल्वे संग्रहालय जवळच आहे, २००२ साली सुरू झालेलं. दोन रुळांमध्ये जेमतेम अडीच फूट अंतर असलेल्या छोट्या गाड्यांची वाफेची इंजिनं तिथे ठेवली आहेत, मुलांसाठी छोटी झुकझुक गाडीही आहे. निघण्याआधी त्या दिवशीची वेळ विचारून घ्या. या गाड्या आपल्याकडे अगदी परवापर्यंत धावत होत्या. छिंदवाड्याची २०१५ मध्ये थांबली, नागभीडची २०१९ मध्ये. माझ्या सासूबाई नागभीडच्या गाडीने माहेरी जायच्या. तिथे उभं राहून त्या नातवंडांना सांगतात की चढावर गाडी इतकी हळू व्हायची की उतरून बाजूने चालता आलं असतं. तुमच्या ओळखीत कोणी जुने नागपूरकर असतील तर त्यांना सोबत न्या, पाट्या वाचण्यापेक्षा मुलं त्यांचं जास्त ऐकतील.

मेट्रोऐवजी रविवार सकाळ हवी तर ती काटोल रोडला द्या. फेटरीच्या पुढे पळस फुललेला दिसतो, पान एक नाही आणि सगळं झाड केशरी. झाडाची फुलं तोडू देऊ नका, खाली पडलेली पिशवीभर सहज मिळतात. घरी आणून पाण्यात उकळून गाळली की धुळवडीला पिवळसर केशरी रंग तयार होतो. आणखी पुढे, कळमेश्वर-काटोलकडे संत्र्याच्या बागा लागतात. याच दिवसांत एका बागेत मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुललेली, संत्री तोडणीला आलेली असतात, तर दुसरीकडे आंबिया बहाराची पांढरी फुलं दरवळत असतात, ज्यांची फळं दिवाळीच्या सुमाराला खायची. फळ आणि फूल दोन्ही एकाच सकाळी दाखवता येतं. बागेत शिरण्याआधी मालकाला विचारा, बहुतेक जण मुलं बघून स्वतःच आत बोलावतात. येताना संत्री तिथूनच घ्या. फ्रिजमधली गार संत्री देऊ नका, बाहेर ठेवलेली द्या, तीच गोड लागतात.

लग्नाची आमंत्रणंही याच महिन्यांत येतात. जवळच्या नात्यातलं असेल तर सगळ्यांनी जायचं, नाहीतर आमच्याकडे एकच जण जाऊन आहेर देऊन येतो आणि दुसरा मुलांजवळ थांबतो. सुरुवातीला लोक विचारतात, नंतर त्यांनाही सवय होते.

तुमच्या घरी आजी-आजोबा सोबत नाहीत, म्हणून एक सुचवते. तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर महाशिवरात्रीनंतर कोणा ना कोणाचं वाळवण पडलेलं दिसेल. त्या काकूंकडे जा आणि सरळ म्हणा, "काकू, पुढच्या वेळी आम्हाला आवाज द्या, मुलांना वड्या टाकायच्या आहेत." इथे कोणी नाही म्हणत नाही. अर्धा किलो डाळ तुमची घेऊन जा आणि मुलांना जुने कपडे घाला.