तेराव्या वर्षी मुलाचे पायच लांब दिसतात, धड आखूड. काही दोष असेल का?

तुमचा मुलगा १३ वर्षांचा आहे, वर्षात दोनदा बूट बदलले, पँट घोट्याच्या वर गेली पण शर्ट अजून होतो, आणि नातेवाईक "बगळा झालाय" म्हणतात. मी बालरोग विभागात मुलांची उंची-वजनं घेते. तुम्ही लिहिलंय तशी मुलं आमच्याकडे नेहमी येतात आणि बहुतेकांची वाढ अगदी योग्य क्रमाने चाललेली असते. कृपया त्याच्यासमोर "बेढब" हा शब्द वापरू नका. या वयात तो फार लागतो.

शरीर सगळीकडून सारखं वाढत नाही. नवजात बाळाचं डोकं लांबीच्या पाव भागाइतकं असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठव्या भागाइतकं. ओटीपोटाच्या खाली समोर लागणाऱ्या हाडापासून वरचा भाग आणि खालचा भाग यांचं प्रमाण जन्मतः १.७ असतं, तिसऱ्या वर्षी १.३ आणि दहाच्या आसपास दोन्ही जवळपास सारखे होतात. वयात येताना आधी पावलं आणि पंजे वाढतात, मग पाय, आणि धड सर्वात शेवटी. म्हणून बूट आधी लहान होतात, शर्ट नंतर. मुलांमध्ये उंचीचा सर्वात मोठा झपाटा साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, तेव्हा वर्षाला ९-१० सेंमी वाढ होऊ शकते. मुलींमध्ये तो सुमारे दोन वर्षं आधी येतो. पुढे पायांची वाढ थांबत आली तरी मणका वाढत राहतो आणि धड भरून येतं.

आता मोजण्याबद्दल, कारण निम्मी काळजी चुकीच्या मापातून येते. अनवाणी, सपाट फरशीवर, भिंतीला टेकून उभं करा. टाचा, नितंब, पाठ भिंतीला लागलेली हवी. डोळ्याची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत असावं, हनुवटी वर नको. डोक्यावर सुताराचा गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरा, खूण करा आणि स्टीलच्या टेपने मोजा. शिवणकामाची टेप ताणली जाते. वेळ दर वेळी तीच ठेवा, कारण दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबून संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. तारखेसह वहीत लिहा आणि तीन-तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. वाढीचा वेग मात्र सहा महिने ते वर्षभराच्या नोंदींवरूनच ठरवा.

धडाची शंका असेल तर भिंतीला लावलेल्या स्टुलावर बसवून, बैठकीपासून डोक्यापर्यंत मोजा. हे माप मोठ्या माणसात उंचीच्या निम्म्याहून थोडं जास्त असतं. तुमच्या मुलाचं निम्म्याच्या आसपास निघालं तर या वयात ते अपेक्षितच आहे.

आईवडिलांच्या उंचीवरून त्याच्या मोठेपणीच्या उंचीचाही अंदाज घ्या: मुलासाठी दोघांची बेरीज, त्यात १३ सेंमी मिळवून निम्मे करा. वडील १६८ आणि आई १५५ असेल तर १६८. त्यात साधारण ८ सेंमी इकडेतिकडे चालतं. वयानुसार उंची ताडून बघण्यासाठी ५ ते १८ वर्षांचे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते बघा, परदेशी नकोत.

डॉक्टरांकडे न्यायची कारणं वेगळी आहेत. पुढे वाकवल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसत असेल, तर मणका वाकल्यामुळेही धड आखूड वाटतं. हात पसरल्यावर दोन्ही मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर उंचीपेक्षा बरंच जास्त भरतंय, बोटं फार लांबसडक आहेत, चष्म्याचा नंबर मोठा आहे किंवा घरात हृदयाचा त्रास आहे, तर मार्फान सिंड्रोम (हाडं, डोळे आणि हृदयावर परिणाम करणारा आनुवंशिक आजार) तपासून घ्यावा. चौदा वर्षं पूर्ण होऊनही वयात येण्याची खूण नसेल, किंवा वाढ वर्षाला ४ सेंमीच्याही खाली गेली असेल, तरीही थांबू नका. जाताना मोजमापांची वही आणि शाळेत आधी घेतलेल्या उंचीच्या नोंदी मिळाल्या तर त्याही न्या. एकाच दिवसाच्या मापावरून डॉक्टरांना वेग कळत नाही.