सॅश म्हणजे पट्टा नव्हे

प्रश्न असा आहे : ‘इंग्लंडमध्ये बाथ इथलं “नंबर वन, रॉयल क्रेसेंट” हे जॉर्जियन टाउनहाऊस पाहिलं. त्याच्या वर-खाली सरकणाऱ्या ‘सॅश’ खिडक्यांना मराठीत “पट्ट्याच्या खिडक्या” म्हणावं का? आणि अशा घराला “वाडा” म्हटलेलं चालेल का?’

‘जॉर्जियन’चा जॉर्जिया देशाशी संबंध नाही. १७१४ ते १८३० पर्यंत लागोपाठ चार जॉर्ज ब्रिटनच्या गादीवर बसले, त्यांचा तो काळ. एवढं पुरे.

पण ‘पट्ट्याच्या खिडक्या’ हे प्रवासवर्णनांत आणि व्हिडिओंत इतक्यांदा कानावर येतं की आता राहवत नाही. सौंदर्यस्पर्धेतल्या विजेतीच्या खांद्यावरून आडवा जातो तो सॅश वेगळा. तो अरबी ‘शाश’पासून आला. शाश म्हणजे तलम मलमल, पागोट्याचं कापड. खिडकीतल्या सॅशचा कापडाशी काडीचाही संबंध नाही. काचांमधल्या लाकडी पट्ट्या बघून कुणीतरी हे भाषांतर ठोकून दिलं आणि बाकीच्यांनी उचललं.

खिडकीचा सॅश फ्रेंच ‘शासी’तून आला. शासी म्हणजे चौकट. इंग्रजांना त्या शब्दाचा शेवट अनेकवचनाच्या प्रत्ययासारखा वाटला, म्हणून तो छाटून त्यांनी ‘सॅश’ असं एकवचन पाडलं. आपण याच्या बरोबर उलट करतो. ‘एक लेडीज उतरणार आहे’ म्हणताना अनेकवचनच एकवचन म्हणून वापरतो. पुढे मोटारगाड्या आल्या तेव्हा तोच फ्रेंच शब्द इंग्रजीने पुन्हा घेतला, या वेळी न छाटता, आणि तिथून तो आपल्या गॅरेजांत शिरला. गाडीच्या कागदांवरचा ‘चासी नंबर’ आणि बाथमधल्या त्या देखण्या खिडकीचा सॅश हा मुळात एकच शब्द! त्याच्याही मागे गेलं तर लॅटिन ‘काप्सा’, म्हणजे पेटी. कॅशियरची ‘कॅश’ आणि औषधाची ‘कॅप्सूल’ याच घराण्यातल्या.

मला तर यात फार मोठं औचित्य दिसतं, कारण ही खिडकी चालते ती पेटीच्याच जिवावर. वर एक आणि खाली एक अशा दोन चौकटी उभ्या खाचांतून सरकतात. प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंनी दोऱ्या असतात. त्या कप्प्यांवरून (पुलींवरून) जातात आणि त्यांच्या टोकांना लोखंडाची किंवा शिशाची वजनं असतात. ही वजनं बाजूच्या पोकळ लाकडी पेटीत लपलेली असतात. म्हणून जड चौकट एका हाताने उचलता येते आणि सोडाल तिथे थांबते. लंडनमध्ये आगीच्या भीतीने १७०९ मध्ये कायदा झाला आणि खिडकीचं लाकूड भिंतीच्या दर्शनी भागापासून चार इंच आत घ्यावं लागलं. १७७४ च्या कायद्याने ती पेटीसुद्धा विटांच्या आड गेली. जॉर्जियन दर्शनी भाग इतका सडपातळ आणि नितळ दिसतो, त्यात या नियमांचा मोठा वाटा आहे.

ही खिडकी डच राजा विल्यमबरोबर इंग्लंडात आली, असं मार्गदर्शक आणि काही जाणकारही छातीठोकपणे सांगतात. मला हे मुळीच मान्य नाही. विल्यम आला १६८८ मध्ये. लंडनजवळच्या हॅम हाऊसमध्ये अशा खिडक्या १६७० च्या दशकातच बसल्या होत्या. आणि शब्द तर फ्रेंच! माल डचांचा असता तर नाव फ्रेंचांचं कशाला घेतलं असतं?

मराठीत सॅशसाठी ‘तावदान’ हा शब्द तयार आहे. फारसी ‘ताबदान’, म्हणजे उजेड येण्याची जागा. त्यातला ‘ताब’ आणि संस्कृत ‘तप्’ हे सख्खे भाऊबंद. त्याला कागदाच्या तावाशी जोडण्याचा मोह कुणी धरू नये. ‘सरकतं तावदान’ लिहा, ‘उभं सरकतं’ म्हणालात तर अधिकच नेमकं.

बाथच्या घराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. वास्तुविशारद धाकट्या जॉन वुडने १७६७ ते १७७४ या काळात चंद्रकोरीच्या आकारात रॉयल क्रेसेंट ही तीस घरांची रांग उभारली. पुढे एकोणिसाव्या शतकात, व्हिक्टोरिया राणीच्या काळात, तिथल्या अनेक घरमालकांनी पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांचे उंबरे खाली उतरवले आणि बारीक चौकोन काढून मोठ्या काचा बसवल्या. जुनी काच फुंकून, गरगर फिरवून तबकडीसारखी पसरवत, तिच्यातून मोठा तुकडा निघतच नसे. म्हणून तर ते चौकोन होते. नंबर एकमध्ये उंबरे मूळ उंचीवर आहेत आणि चौकोनही परत आले आहेत. शेजारच्या घरांशी ताडून पाहिलं की फरक लगेच कळतो.

‘वाडा’ मात्र नको. वाड्याला मधोमध चौक हवा. हे घर शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभं वाढतं : तळघरात स्वयंपाकघर, वर बैठकीच्या खोल्या, अगदी वर नोकरमाणसं. टाउनहाऊसला ‘टाउनहाऊस’च म्हणा.