चेहऱ्याचे लेझर रिसर्फेसिंग: सावळी त्वचा, काळे डाग आणि नंतरचे महिने

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: गालांवरील मुरुमांच्या जुन्या खड्ड्यांसाठी डॉक्टरांनी सुचवलेले फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर करून घ्यावे की नाही, त्यानंतर किती दिवस घरी राहावे लागेल, आणि त्वचा सावळी असल्यामुळे चेहऱ्यावर काळे डाग कायमचे राहतील का. मी स्वतः अशाच खड्ड्यांसाठी हा उपचार एकापेक्षा अधिक वेळा घेतला आहे. तरीही आपला चेहरा प्रत्यक्ष तपासणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांचे म्हणणे माझ्या म्हणण्याच्या वरचे समजावे. माझे मत असे की, हा निर्णय घरी राहण्याच्या दिवसांवर घेऊ नये. त्यानंतरचे दोन-तीन महिने चेहरा उन्हापासून आणि स्वतःच्या हातांपासून जपणे आपल्याला जमेल का, यावर तो घ्यावा, कारण ज्या डागांची आपल्याला भीती वाटते त्यांचा निकाल बहुतांशी त्याच काळात लागतो.

या लेझरच्या किरणांची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते आणि ती पाण्यात शोषली जाते. त्वचेत पाणी भरपूर असल्यामुळे किरण जिथे पडतो तिथला भाग क्षणार्धात वाफ होऊन उडून जातो आणि त्याच्या कडेचा थोडा भाग उष्णतेने भाजला जातो. दुसरे प्रचलित लेझर म्हणजे अर्बियम याग. त्याची तरंगलांबी २,९४० नॅनोमीटर असून पाण्यात ते कितीतरी अधिक शोषले जाते. म्हणून ते आजूबाजूला कमी उष्णता सोडते, लाली लवकर उतरते, मात्र त्याने थोडे रक्त येऊ शकते आणि त्वचा आवळण्याचा परिणाम तुलनेने कमी मिळतो. १९९० च्या दशकात कार्बन डायऑक्साइड लेझरने चेहऱ्याचा वरचा थर सलग काढला जात असे. २००४ मध्ये फ्रॅक्शनल पद्धतीची कल्पना शास्त्रीय नियतकालिकात मांडली गेली आणि चित्र बदलले. या पद्धतीत चाळणीच्या छिद्रांप्रमाणे अगदी बारीक, उभ्या जखमा केल्या जातात आणि त्यांच्यामधली त्वचा शाबूत ठेवली जाते. ही शाबूत त्वचाच जखमा भराभर भरून काढते. आंतरजालावर दिसणारी, महिनोन्‌महिने लाल राहिलेल्या चेहऱ्यांची बरीचशी वर्णने जुन्या, सलग पद्धतीची असतात. ती वाचून घाबरण्यापूर्वी उपचार कोणत्या पद्धतीचा होता, हे अवश्य पाहावे.

जखम भरून येण्याविषयी आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. नवी त्वचा केवळ कडेकडून सरकत येत नाही, ती केसांच्या मुळांतून आणि तेलग्रंथींतूनही वर येते. चेहऱ्यावर ही मुळे दाट असतात म्हणून चेहरा चांगला भरतो. मानेवर आणि छातीवर ती विरळ असतात म्हणून तिथे व्रण राहण्याचा धोका मोठा असतो. चेहऱ्याबरोबर मानही करून घ्यावी, असे कोणी सुचवले, तर तिथली तीव्रता किती ठेवणार, हे स्पष्ट विचारावे.

खड्डे कोणत्या जातीचे आहेत, हेही डॉक्टरांकडून आधी नेमके जाणून घ्यावे. रुंद, उथळ आणि कडा स्पष्ट असलेले खड्डे लेझरला चांगला प्रतिसाद देतात. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल खड्डे लेझरच्या आवाक्याच्या खाली जातात. त्यांच्यासाठी खड्ड्याच्या तळाशी तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल लावण्याची किंवा तो भाग पंच नावाच्या छोट्या गोल पात्याने काढण्याची पद्धत अधिक उपयोगी ठरते. लाटांसारखे वरखाली दिसणारे खड्डे बहुधा आतल्या तंतूंनी त्वचा खाली ओढून धरल्यामुळे झालेले असतात आणि ते तंतू सुईने तोडल्याशिवाय, म्हणजे सबसिजन केल्याशिवाय, वरून कितीही लेझर मारले तरी फारसा फरक पडत नाही. अनेकांची निराशा यंत्रामुळे नव्हे, तर चुकीच्या खड्ड्यावर योग्य यंत्र वापरल्यामुळे झालेली मी पाहिली आहे.

आता डागांविषयी. आपली भीती रास्त आहे. त्वचेला कोणतीही इजा झाली की रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी चेतवल्या जातात, आणि त्वचा जितकी सावळी, तितकी ही प्रतिक्रिया जोरदार असते. हे डाग साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास उमटू लागतात, म्हणजे खपल्या पडून गेल्यावर, चेहरा छान दिसू लागल्यावर आणि माणूस सनस्क्रीनचा कंटाळा करू लागल्यावर. चांगली बाजू अशी की, हे डाग बहुतेकांच्या बाबतीत तात्पुरते असतात आणि उन्हापासूनचे संरक्षण व डॉक्टरांनी दिलेली मलमे यांनी काही आठवड्यांत ते महिन्यांत फिकट होत जातात. कायम राहणारा दोष बहुधा उलट्या प्रकारचा असतो, म्हणजे त्वचेचा रंग उडून ती फिकट पडणे. तो जुन्या सलग पद्धतीत अधिक आढळतो आणि कधी कधी सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसू लागतो.

सावळ्या त्वचेत डाग पडण्याशी किरणांच्या खोलीपेक्षा त्यांच्या दाटीचा, म्हणजे एकाच वेळी त्वचेचा किती भाग व्यापला जातो याचा, संबंध अधिक आहे. म्हणून डॉक्टरांना मी पहिला प्रश्न हाच विचारेन की, आपण दाटी कमी ठेवून सत्रांची संख्या वाढवणार आहात का. एकाच सत्रात सर्व काही आटोपून टाकण्याचे आश्वासन सावळ्या त्वचेसाठी मला धोक्याचे वाटते. आपल्याला वांगाचा त्रास असेल, तर तो आवर्जून सांगावा, कारण उष्णतेने वांग अधिक गडद होऊ शकतो आणि अशा वेळी डॉक्टर कदाचित दुसरा उपचार निवडतील.

उपचारापूर्वी सांगायच्या गोष्टींत सर्वांत महत्त्वाची, आणि लोक हमखास विसरतात ती, म्हणजे ओठांच्या कडेला पूर्वी कधी उठलेले हर्पीसचे पाणीदार फोड. हा विषाणू शरीरात सुप्त असतो, लेझरच्या इजेने तो जागा होतो आणि उघड्या त्वचेवर पसरून व्रण पाडू शकतो. त्यामुळे अनेक डॉक्टर, पूर्वी फोड आलेले असोत वा नसोत, ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या उपचाराच्या आदल्या दिवसापासून किंवा त्याच दिवसापासून सुरू करून त्वचा भरून येईपर्यंत देतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतले असेल, तर शेवटची गोळी केव्हा घेतली हेही सांगावे. पूर्वी सरसकट सहा महिने थांबायला सांगत; अलीकडे सौम्य आणि फ्रॅक्शनल उपचारांबाबत ही अट शिथिल होत आहे, तथापि संपूर्ण चेहऱ्याच्या सलग उपचारासाठी ती अजूनही पाळली जाते. आपल्या बाबतीत काय, हे डॉक्टरांनी ठरवावे. याखेरीज केलॉइड, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड, उंच व्रण, होण्याची प्रवृत्ती, गर्भारपण, कोड, चेहऱ्यावर पूर्वी झालेली किरणोत्सर्गाची चिकित्सा, सध्या चालू असलेले पिकलेले मुरूम आणि धूम्रपान, यांपैकी काहीही लपवू नये. उन्हाने रापलेल्या त्वचेवर हा उपचार करणे टाळावे.

प्रत्यक्ष उपचाराबद्दल फार लिहीत नाही. बधिर करणारे मलम तास-दीड तास लावून ठेवतात, गरज असल्यास इंजेक्शनही देतात. हे मलम घरी मनाने जाड थर देऊन लावू नये, कारण मोठ्या भागातून शोषले गेल्यास त्या औषधाची विषबाधा होऊ शकते. डोळ्यांवर संरक्षक कवच असलेच पाहिजे, आणि पापण्यांवर लेझर वापरायचे असेल तर पापणीच्या आत धातूचे कवच बसवावे लागते. माझ्या अनुभवात उपचाराहून अधिक त्रास त्यानंतरच्या काही तासांच्या आगीचा होता. थंड हवा आणि गार ओल्या कापडाने तो सुसह्य झाला.

पहिला आठवडा मात्र नीट समजून घ्यावा. पहिल्या एक-दोन दिवसांत लस येते आणि चेहरा पाणावल्यासारखा दिसतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, विशेषतः डोळ्यांखाली, आणि ती पाहून अनेकांचा धीर सुटतो. उशी उंच ठेवून उताणे झोपल्याने ती लवकर उतरते. दिवसातून काही वेळा डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणाने किंवा साध्या स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने चेहरा धुवून, न घासता टिपून, त्यावर साध्या पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. त्वचा कोरडी पडू देणे हे या दिवसांतले सर्वांत मोठे नुकसान आहे, कारण ओलसर जखम लवकर भरते आणि कोरड्या जखमेवर जाड खपली धरते. पेट्रोलियम जेली हे इतके साधे उत्तर आहे की, लोकांना त्याचा विश्वास वाटत नाही आणि ते दुकानातून प्रतिजैविकांची मलमे आणून लावतात. निओमायसिन किंवा बॅसिट्रॅसिन असलेल्या मलमांची उघड्या त्वचेवर ॲलर्जी उठण्याचा धोका असतो आणि त्या खाजऱ्या लालीला मग जंतुसंसर्ग समजून आणखी औषधे लावली जातात. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याखेरीज कोणतेही औषधी मलम, सुगंधी क्रीम, व्हिटॅमिन सीचे सीरम किंवा वनस्पतींचा रस चेहऱ्याला लागू देऊ नये.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चेहऱ्यावर बारीक तपकिरी ठिपक्यांची जाळी दिसू लागते आणि हात लावल्यास खरखर जाणवते. हे काळे डाग नव्हेत. जखमांतून बाहेर टाकल्या जाणाऱ्या मृत पेशींचे ते कण असतात आणि आपोआप गळून पडतात. याच काळात खाज सुटते. नखाने उचललेली एक खपली म्हणजे नव्या व्रणाची शक्यता, हे मी अतिशय कळकळीने सांगते. खाज असह्य झाल्यास डॉक्टरांकडून गोळी घ्यावी, नखे बारीक कापून टाकावीत. फ्रॅक्शनल उपचारानंतर त्वचा बहुधा आठवड्याभरात, तर सलग उपचारानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत बंद होते. म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, कामावरून सात ते दहा दिवसांची सवड काढावी आणि त्या मुदतीत कोणताही समारंभ ठेवू नये.

काही लक्षणे दिसल्यास मात्र ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. वेदना दिवसागणिक कमी व्हायला हव्यात. कमी झालेली वेदना पुन्हा वाढली, बारीक फोडांचे किंवा एकाच मापाच्या खोलगट जखमांचे पुंजके दिसले, पिवळा-हिरवा पू, दुर्गंधी किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. विषाणू, जिवाणू आणि बुरशी या तिन्हींचे संसर्ग या काळात होऊ शकतात, त्यांची औषधे वेगवेगळी असतात, आणि छायाचित्र पाठवून त्यांतला फरक नेहमी कळतोच असे नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत एखादाच भाग, विशेषतः वरचा ओठ किंवा जबड्याची कड, इतर चेहऱ्यापेक्षा अधिक लाल आणि हाताला कडक लागत असेल, तर तो तयार होत असलेला व्रण असू शकतो. तो लवकर दाखवल्यास आटोक्यात आणता येतो.

त्वचा बंद झाल्यावर लाली काही आठवडे राहते, सलग उपचारानंतर तर काही महिनेही. या काळात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले सनस्क्रीन पुरेशा जाडीने लावावे आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो आणि साधी सनस्क्रीन त्याला फारशी अडवत नाहीत. म्हणून लोहाचे ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन मी सुचवेन. रुंद काठाची टोपी आणि सावली यांना मात्र पर्याय नाही. जेलीच्या थरामुळे पुटकुळ्या किंवा पांढरे बारीक दाणे उठले, तर ते फोडू नयेत; जेली थांबवून हलके मॉइश्चरायझर सुरू केल्यावर ते बहुधा निवळतात. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन आणि आम्लयुक्त उत्पादने डॉक्टरांनी सांगेपर्यंत बाजूलाच ठेवावीत, आणि डाग उमटू लागल्याचे जाणवताच स्वतःच्या मनाने स्टेरॉइडमिश्रित गोरेपणाचे क्रीम लावू नये, कारण त्याने कोवळी त्वचा पातळ होते.

परिणामांबाबत अपेक्षा माफक ठेवावी. खड्डे उथळ होतात, त्यांच्या कडा मऊ होतात. ते पुसले जात नाहीत. पहिल्या पंधरवड्यात सुजेमुळे त्वचा खोटी भरलेली दिसते, सूज उतरल्यावर खड्डे परत आल्यासारखे वाटतात आणि याच वेळी बहुतेक जण उपचार फसला असे ठरवून मोकळे होतात. प्रत्यक्षात नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारे प्रथिन, तयार होण्याचे आणि त्याची घडी बसण्याचे काम तीन ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ चालते. म्हणून उपचारापूर्वी एकाच खिडकीच्या बाजूने पडणाऱ्या प्रकाशात चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत, तशीच तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात काढावीत. पुढच्या सत्राचा विचार पहिल्या सत्राची लाली आणि डाग पूर्ण निवळल्यावरच करावा, मग सवलतीची मुदत त्याआधी संपत असली तरी चालेल.